'एक गोंयकार' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सरांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की सरांनी एक पुस्तकसुद्धा लिहिलं नाही, जन्मभर पगार तेवढा घेतला, आणि "त्यांच्याकडे पॉलिटिकल सायन्स शिकलेलेच आज उड्या मारणाऱ्या आमदारांना मतं देतात, मग वारसा कसला?" लेख जरा लांबला हे मान्य. पण तुमची भाषा बघा ना! रिटायर झालेला माणूस, आपला घरी बसून पेपर वाचतोय, आणि तुम्ही त्याचा पगार काढता? तुम्ही काय फुकट राबता काय हो?

आता आमदारांच्या पक्षांतराच्या उड्या. त्या सरांनी शिकवल्या की काय? १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीत पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं तेव्हा पक्षाचे एक तृतीयांश आमदार फुटले तरी आमदारकी वाचायची, २००३ मध्ये ९१व्या दुरुस्तीने ती वाट बुजवली पण दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची पळवाट तशीच ठेवली, हे आम्हाला सरांनी फळ्यावर अपूर्णांक मांडून शिकवलं, शर्टाची बाही खडूने पांढरी, आणि मागच्या बाकावरच्याला उठवून "सांग, एवढ्यांचा पक्ष, किती गेले तर सुटतील?" असं विचारायचे. म्हणूनच २०१९ ला गोव्यात काँग्रेसच्या १५ पैकी १० गेले, २०२२ ला ११ पैकी ८ गेले, तेव्हा चॅनलवाले आकडा ऐकून थक्क, आणि मी बायकोला आधीच सांगून बसलेलो, अकरात सात पुरणार नाहीत, आठवा शोधतायत. मत कुणाला द्यायचं हे सर कधीच सांगत नसत, तो हिशेब त्यांच्या नावावर कशाला?

आणि माझं घर फुलवालं, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करा म्हणणारं, बरं का. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात वडिलांनी विलीनीकरणाला मत दिलं, दोन पानं, म्हणजे गोवा वेगळा ठेवा म्हणणाऱ्यांची निशाणी, ३४,०२१ मतांनी जिंकली ते त्यांना मरेपर्यंत सलत होतं. सरांना हे ठाऊक, तरी वर्गातल्या वादात त्यांनी मलाच दोन पानांच्या बाजूने उभं केलं. घाम फुटला, पण बोललो, आणि त्या रात्री घरी जेवताना तेच मुद्दे काढले तर वडील ताटावरून उठले. नंतर मात्र त्यांनीच विचारलं, "तुझे सर आणखी काय म्हणतात?" तुम्हाला असं कुणी उभं केलेलं दिसत नाही, नाहीतर अशी प्रतिक्रिया टाकण्याआधी थोडं थांबला असता.

पुस्तकाचं म्हणाल तर नाही लिहिलं, बरं मग? पुरस्कार, पेन्शन वगैरे जे बरळलाय त्याला मी हात लावत नाही.