ग्लोव्हज तुझ्या सेफ्टीसाठी, मग माझ्या आईचं काय?

"काका, ग्लोव्हज आमच्या सेफ्टीसाठी असतात." आज सकाळी लॅबमधल्या पोरानं मला तोंडावर सांगितलं! आईची फास्टिंग शुगर होती. आधीच्या आजोबांचं रक्त काढलेले ग्लोव्हज तसेच, त्याच ग्लोव्हजनी फोन घेतला, कीबोर्ड बडवला आणि तेच हात आईच्या दंडाला. बदल म्हटलं तर हे उत्तर. अरे, रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस जिवंत राहतो, हे लॅबवाल्याला मी शिकवायचं?

त्यात ग्लोव्हजच्या तर्जनीचं टोक फाडलेलं. म्हणे शीर लागत नाही! मग घालतोस कशाला? स्पिरिट लावलं आणि ते वाळायच्या आत त्याच उघड्या बोटानं पुन्हा शीर चाचपली, लगेच सुई. अर्धा मिनिट वाळू द्यायला काय जातं? ओल्यावर टोचलं की झोंबतं. आई कळवळली, तर तिलाच, "आजी, हात सैल सोडा."

वर वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण! शेजारी नीडल कटर धूळ खात पडलेला, त्याच्या प्लगला मोबाईल चार्जिंगला. सुयांसाठीच्या पांढऱ्या डब्यात कापसाचे बोळे. 2016 चे बायोमेडिकल वेस्टचे, म्हणजे दवाखान्या-लॅबमधल्या कचऱ्याचे नियम कुणासाठी आहेत मग? टोपण लावताना सुई बोटात गेली तर त्या पोराचं काय होईल? हिपॅटायटिस बीची लस घेतलीस का, विचारलं. "माहीत नाही." मालकानं भिंतीवर सर्टिफिकेटं फ्रेम करून लावलीत, पण ग्लोव्हजचा खोका द्यायला त्याच्या जिवावर येतं. पोरं एकच जोडी पुरवून पुरवून वापरतात.

मागे घरी सॅम्पल न्यायला आलेला तर सुई सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात टाकून निघाला, ट्यूबवर नावसुद्धा न लिहिता! आणि ते "हात दुमडून धरा" कोण शिकवतं यांना? हात सरळ ठेवून कापूस दाबायचा असतो. दर वेळी आईचा कोपर आठवडाभर काळानिळा.

मी आवाज चढवला तर रांगेतल्या बाई मलाच म्हणाल्या, "अहो, उशीर होतोय सगळ्यांना." होऊ दे! 2009 साली गुजरातेत मोडाशाला वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरून हिपॅटायटिस बी पसरला, माणसं दगावली. आणि इथं ग्लोव्हज बदलायला यांना उशीर होतो!