पॅन न उतरवता गळती बंद? कशी, तेही सांगा!

काल रात्री भाच्याने एक मेसेज धाडला. खाली प्रश्न, 'मामा, हे करू का?' त्याने गाडीचा ऑइल पॅन, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, कापून पोट वाढवून घेतलंय, आत बॅफलही (तेल हिंदकळू नये म्हणून लावायचा आडवा पत्रा) वेल्ड केलाय, आणि आता पॅन ठिबकतोय. मेसेज म्हणतो, मॉडिफाय केलेला पॅन गळला तर उतरवायची गरजच नाही. ब्रेक क्लीनर मारून जागेवरच वेल्ड करा, बाहेरून सिलिकॉन चोपडा, बोल्ट जीव खाऊन आवळा, जाड ऑइल भरा, वर स्टॉप-लीकची (तेलात मिसळायच्या गळतीरोधक औषधाची) बाटली ओता. रस्त्यात अडकलात तर इपॉक्सी पुट्टी लावून घर गाठा. 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' हा शिक्का आहेच.

पहिली सूचना वाचून मी ताडकन उठलो. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतो, टेट्राक्लोरोइथिलीन. वेल्डिंगच्या आर्कची उष्णता आणि अतिनील किरणं लागली की त्यातून फॉस्जीन तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला वायू तो हाच. त्यातून फुप्फुसांचा त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो, तोवर माणूस समजतो आपल्याला काही झालं नाही. क्लोरीन नसलेला क्लीनर घेतला तर तो भडकन पेट घेतो. वर इंजिनात तेलाची वाफ कोंडलेली, आणि आपण त्याच्याखाली उताणे!

बरं, जीव वाचला तरी वेल्ड टिकणार नाही. भोकातून आतलं तेल वितळलेल्या धातूत येतं, त्याचे बुडबुडे होतात आणि एका भोकाची चार होतात. पॅन उतरवा, डिग्रीझरने आतबाहेर धुवा, पूर्ण वाळवा. फ्लँज, म्हणजे बोल्ट बसतात ती पॅनची कड, जाड प्लेटवर बोल्टने बांधून मग वेल्ड करा, नाहीतर ती पीळ खाते. बसवण्याआधी वेल्डवर बाहेरून खडूचा पातळ लेप द्या, वाळला की आत रॉकेल ओतून काही तास ठेवा. भोक असेल तिथे लेपावर ओला डाग उमटतो. वेल्डर लोकांची ही जुनी युक्ती आहे, आणि गाडीखाली झोपून ती करता येत नाही.

सिलिकॉनबद्दल मी वाद घालत नाही, ट्यूबची पाठ वाचा. पृष्ठभाग स्वच्छ, कोरडा, तेलविरहित हवा, असं तिथे छापलेलं असतं. गळणाऱ्या पॅनची बाहेरची बाजू यातलं काय आहे? पॅन उतरवून लावतानाही 'जास्त म्हणजे पक्कं' हा हिशेब नको. जादा सिलिकॉन आत दाबला जातो, त्याचे तुकडे सुटतात आणि तेलाच्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. मग बेअरिंगला तेल मिळत नाही. ३ मिलिमीटरची अखंड रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, एवढी पुरते. पूर्ण पक्का व्हायला साधारण २४ तास द्या.

बोल्ट? पॅनचे ६ मिलिमीटरचे बोल्ट बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. नेमका आकडा आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या. जीव खाऊन आवळले की पत्र्याची फ्लँज भोकांपाशी खचते आणि दोन बोल्टांच्या मधे फट पडते.

स्टॉप-लीकने जुनी रबरी सील थोडी फुगते, हे खरं. पण वेल्डमधलं भोक रबराचं नसतं. जाड ऑइलने गळती मंदावते, थांबत नाही. रस्त्यात अडकलात तर इपॉक्सी पुट्टी लावून घर गाठता येतं, हे मात्र मेसेजने बरोबर लिहिलंय. अट एवढीच की ती जागा आधी कोरडी करायला हवी.

आणि तेल मुळात पॅनमधूनच येतंय का, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही! व्हॉल्व्ह कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, तेलही ओघळून पॅनच्या टोकाशीच ठिबकतं.

भाच्याला आज सकाळी सगळं पुसून, इंजिन चालवून, टॉर्च घेऊन वरून खाली बघायला लावलं. वरचं सगळं कोरडं होतं. तेल काढायच्या ड्रेन प्लगसाठी नव्याने वेल्ड केलेल्या बंगच्या (प्लग ज्यात फिरवून बसवतात त्या आट्यांच्या कड्याच्या) कडेला सुईच्या टोकाएवढं भोक सापडलं. पॅन उतरवलाय. बॅफल तसाच राहू दे का, असं विचारतोय.