चेंबरची गळती बाहेरून थापून थांबत नाही

छोट्या फोर बाय फोर गाडीचा ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारी टाकी, गळत असेल तर काय करावं, याचा एक मेसेज सध्या खूप फिरतो आहे. त्यातला सल्ला थोडक्यात असा: नट कचकचून आवळा. तरी थांबलं नाही तर बाहेरून सिलिकॉन किंवा इपॉक्सी पुट्टी थापा. जाड ऑइल आणि गळती थांबवणारं औषध टाका. तरीही थेंब पडले तर वरून ऑइल घालत राहा. चेंबर काढायच्या भानगडीत मात्र पडू नका, त्यासाठी इंजिन उतरवावं लागतं. यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्यासारखा नाही, आणि दोन तर इंजिनाच्या जिवावर उठणारे आहेत.

मुळात मेसेज एक गोष्ट गृहीत धरून चालतो: खाली ऑइल दिसतंय म्हणजे चेंबरच गळतोय. चेंबर इंजिनात सगळ्यात खाली असतो. वर कुठूनही ऑइल सुटलं तरी ओघळून त्याच्याच कडेला येतं आणि थेंब तिथून पडतो. गाडी चालताना वाऱ्याने ते मागे ढकललं जातं, त्यामुळे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या सीलची गळतीसुद्धा चेंबरच्या मागच्या टोकाला दिसते. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची रबर रिंग, जुन्या इंजिनांत डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, हे सगळे संशयित आधी बघायचे. क्लच हाउसिंगच्या तळाच्या भोकातून थेंब येत असेल तर क्रँकची मागची मेन सील किंवा गिअरबॉक्सची सील गेलेली असते. फोर बाय फोरमध्ये पुढचं डिफरन्शियलही, म्हणजे पुढच्या दोन चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटीही, तिथेच जवळ असते. त्याच्या ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, इंजिन ऑइलला तसा येत नाही. बोटावर घेऊन हुंगलं की बऱ्याचदा तिथेच निकाल लागतो.

खात्री करायची रीत सोपी आहे. इंजिन थंड असताना डिग्रीजरने वरपासून खालपर्यंत धुवा, पूर्ण वाळू द्या, सांध्यांवर पातळ टाल्कम पावडर भुरभुरवा. मग १५ ते २० मिनिटं गाडी चालवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. पावडर जिथे सगळ्यात वर ओली झाली आहे, तिथे गळती. ड्रेन बोल्ट विसरू नका. त्याचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वायसर एकदाच दाबला जाण्यासाठी असतो. तोच जुना वायसर पुन्हापुन्हा बसवल्यामुळे झिरपणारं ऑइल ‘चेंबर गळतोय’ या नावाखाली खपतं. नवा वायसर टाकला की काम संपलं.

आता ‘नट कचकचून आवळा’. पत्र्याच्या चेंबरचे बोल्ट बहुतेक गाड्यांत एम-६ मापाचे असतात, १० नंबरच्या गोटी पान्याचे. त्यांना साधारण १० ते १२ न्यूटन मीटर टॉर्क (आवळण्याचा पीळ) पुरतो, म्हणजे जेमतेम १ किलोग्रॅम मीटर. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्यावा. लांब रॅचेटवर मनगटाच्या एका झटक्यात याच्या दुप्पट टॉर्क बसतो. मग होतं असं: बोल्टच्या भोकाभोवतीचा पत्रा वर उचलला जातो, तिथलं पॅकिंग चिरडून बाहेर येतं, आणि दोन बोल्टांच्या मधली कड खाली झुकून फट उघडते. आवळल्यावर गळती वाढली असं लोक सांगतात, त्याचं कारण हेच. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर आटेही निघतात, आणि तिथे थ्रेड इन्सर्ट (नव्या आट्यांची बुशी) बसवण्याचं नवं काम उभं राहतं. ढिला झालेला बोल्ट टॉर्क पान्याने मापात आणणं रास्त आहे. मापात असलेला बोल्ट आणखी पिळू नका.

बाहेरून थापायचा सल्ला दिसायला निरुपद्रवी वाटतो. गळणाऱ्या सांध्यावर ऑइलचा थर सतत येत असतो, आणि ऑइलवर सिलिकॉनही धरत नाही, इपॉक्सीही नाही. वरून साल धरल्यासारखी दिसते, आतून ऑइल तिच्याखाली वाट काढत राहतं. शिवाय पुढे चेंबर काढायची वेळ आली की ती साल खरवडण्यातच जास्त वेळ जातो. व्हिनेगरसारखा वास येणारं घरगुती सिलिकॉन तर इथे वापरूच नये. ते गरम ऑइलमध्ये टिकत नाही आणि धातूलाही गंजवतं.

गंजून सुईएवढं भोक पडलं असेल तर पुट्टीने गाडी गॅरेजपर्यंत नेता येते, तेवढ्यापुरती ती ठीक. भोकाच्या आसपासचा पत्राही तितकाच खाल्लेला असतो. असा चेंबर बदलावाच. वेल्डिंग करायचं तर पत्रा जाड आणि निरोगी हवा, चेंबर खाली उतरवून ऑइलमुक्त केलेला हवा. गाडीला लावलेल्या चेंबरवर वेल्डिंगची ठिणगी पाडणं म्हणजे आगीला बोलावणं.

दगडावर आपटून आत गेलेल्या चेंबरबद्दल मेसेज काहीच बोलत नाही, आणि फोर बाय फोरमध्ये हे वारंवार घडतं. ऑइल पंपाची शोषनळी आणि तिची जाळी चेंबरच्या तळापासून थोड्याच अंतरावर असते. तळ आत आला की जाळीचं तोंड दबतं आणि बेअरिंगला ऑइल कमी पडतं. बाहेर गळती असो वा नसो, तळाला पोचा दिसला तर चेंबर काढून जाळी तपासायलाच हवी.

जाड ऑइल आणि औषधाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गळती थांबवणारी बहुतेक औषधं कडक झालेलं रबर थोडं फुगवतात. म्हाताऱ्या रबर सीलला त्याने काही काळ फरक पडू शकतो. कॉर्क, सिलिकॉन किंवा वाकलेल्या पत्र्याला नाही. ठरलेल्या ग्रेडपेक्षा जाड ऑइल फटीतून जरा सावकाश गळतं, पण थंडीत सुरू करताना वरच्या कॅमपर्यंत पोचायलाही उशीर लावतं.

‘वरून घालत राहा’ हा सगळ्यात धोक्याचा सल्ला. लहान इंजिनात एकूण ऑइलच ३.५ ते ४ लिटरच्या आसपास असतं, आणि डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये साधारण १ लिटरचा फरक. पातळी खालच्या खुणेवर असताना गाडी तीव्र चढावर किंवा बाजूला कलली की ऑइल एका टोकाला जातं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. म्हणजे ही गाडी ज्या वाटांसाठी घेतली, नेमकी तिथेच बेअरिंग जातात. शिवाय गळलेलं ऑइल गरम सायलेन्सर पाइपवर पडतं, माउंटिंगचं रबर सडवतं.

राहिला ‘इंजिन उतरवावं लागतं’ हा मुद्दा. यात अर्धसत्य आहे. काही गाड्यांत पुढचं डिफरन्शियल इंजिनाखाली टांगलेलं असतं, तिथे ते आधी खाली घ्यावं लागतं. इंजिन तरीही जागेवरच राहतं. अखंड अ‍ॅक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर असलेल्या) छोट्या गाड्यांत त्याहून सोपं: जॅक लावून चासी उचला, चासीखाली भक्कम स्टँड द्या आणि पुढचा अ‍ॅक्सल लोंबू द्या. चेंबर आणि अ‍ॅक्सलमध्ये हात घालायला जागा होते. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

ऑइल काढा, पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या डिफरन्शियलला ताकद नेणारा दांडा) आड येत असेल तर सोडा, क्लच हाउसिंगच्या तळाची पत्र्याची प्लेट काढा. बोल्ट निघाले तरी चेंबर चिकटून राहतो. पातळ पात्याची पट्टी सांध्यात सरकवून सोडवा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर ब्लॉकच्या कडेवर ओरखडा पडतो आणि नवी गळती तिथूनच सुरू होते. चेंबर अर्धवट येऊन अडला तर जाळीचे बोल्ट आतच सोडून ती चेंबरमध्ये पडू द्या. क्रँकवरचा तोल साधणारा जड भाग आड येत असेल तर पुलीच्या बोल्टने क्रँक थोडा फिरवा. शोषनळीला ओ-रिंग असेल तर ती नवीच टाका. जुनी कडक झालेली राहिली तर पंप हवा ओढतो आणि ऑइलचा दिवा मिटता मिटत नाही.

ब्लॉकची कड प्लॅस्टिकच्या स्क्रॅपरने साफ करा. घासणारी डिस्क लावू नका, तिची भुकटी बेअरिंगमध्ये जाते. चेंबरची कड सरळ पट्टीवर तपासून भोकाभोवतीचे उंचवटे हातोडीने सपाट करा. ब्लॉकमधून रात्रभर ऑइल ठिबकू द्या आणि बसवण्याआधी ब्रेक क्लीनरने पुन्हा पुसा. सिलिकॉनचा सांधा असेल तर ३ मिलिमीटरची सलग रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त थापलं तर ते आत लोंबतं, तुटतं आणि जाळीत जाऊन अडकतं. साच्यातलं रबर पॅकिंग असेल तर ते कोरडंच बसवा. सिलिकॉनचा ठिपका फक्त मेन कॅप (क्रँक धरून ठेवणारी टोपी) आणि टायमिंग कव्हरच्या जोडावर. सगळे बोल्ट आधी हाताने धरवा, मग मधून बाहेर आलटूनपालटून दोनतीन फेऱ्यांत मापाला आणा.

पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर काढणारी झडप) आणि त्याची नळी याच वेळी साफ करा. ती तुंबलेली असेल तर क्रँककेसमधला दाब नवं पॅकिंगही गळवतो. सिलिकॉन वापरलं असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ, बहुधा २४ तास, थांबून मगच ऑइल भरा. सुरू केल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. १० मिनिटं चालू ठेवून सांधा बघा, बंद करून पातळी तपासा. कॉर्क पॅकिंग गरम होऊन दबतं, त्याचे बोल्ट गाडी थोडी चालल्यावर एकदा मापाला तपासावेत. सिलिकॉनचा सांधा वाळल्यावर मात्र बोल्टला परत पाना लावू नका, धरलेला थर सुटतो.