सोळा जीबी रॅम आणि विंडोज ११: त्या मेसेजमधलं खरं किती?

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. जुन्या मशीनवाल्यांना हमखास येणारा सल्ल्याचा मेसेज असा: ‘डेस्कटॉप भंगारात काढू नका. कुठलीही १६ जीबी रॅम घाला, विंडोज ११ चढवा, नव्यासारखा पळेल. पीसी सपोर्टेड नाही असं आलं, तर चेक, म्हणजे पात्रतेची तपासणी, बायपास करा.’ यातलं पहिलं वाक्य मला मान्य. पुढे प्रत्येक वाक्यात गडबड आहे.

‘रॅम घातली की पळेल.’ कमी पडत असेल तरच. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, भरली की विंडोज डेटा डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलतं, आणि मग जी घरघर सुरू होते ती रॅम वाढवल्यावर खरंच थांबते. चारवरून आठ जीबीवर गेलेल्याला हा फरक लगेच कळतो. पण आठपैकी पाचच वापरात असतील, तर आणखी आठ घालून हाती फारसं काही लागत नाही. मशीन अडकलेलं असतानाच टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये बघा. मेमरी ६० टक्क्यांवर आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांना चिकटलेली दिसली, तर दुखणं बहुतेक हार्ड डिस्कचं. फिरत्या डिस्कच्या हेडला नेमक्या जागी पोचायलाच दहाएक मिलिसेकंद लागतात. एसएसडीला, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपच्या डिस्कला, त्याचा शंभरावा हिस्सा पुरतो. जुन्या मदरबोर्डावर डिस्कसाठी साटा २ ही जुनी जोडणी असली, म्हणजे सेकंदाला ३०० एमबीची मर्यादा आली, तरी फायदा जाणवतोच. कारण विंडोज सुरू होताना एक मोठी फाइल नाही, ढीगभर बारक्या फाइली वाचल्या जातात. आणि एवढ्या छातीठोक सल्ल्यात एसएसडीचा साधा उल्लेखही नाही!

‘कुठलीही रॅम.’ अजिबात नाही. डेस्कटॉपच्या डीडीआर३ या जुन्या पिढीच्या रॅमला २४० पिना, पुढच्या डीडीआर४ला २८८, खाचही वेगळ्या जागी. चुकीची स्टिक (रॅमची पट्टी) बसतच नाही, त्यामुळे जोर लावू नका. खरा ताप बसूनही न चालणाऱ्या स्टिकांचा. ४ जीबीच्या काही डीडीआर३ स्टिक ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकल्या जातात. इंटेल प्रोसेसरच्या बोर्डात घातल्या की सहसा डिस्प्लेच येत नाही. बोर्ड किती रॅम घेतो ते मॅन्युअलमध्ये बघा. शिवाय विंडोज ३२ बिट या जुन्या प्रकारचं असेल, तर १६ जीबी घालूनही त्याला वापरता येते साडेतीनच्या आसपास. ६४ बिटवर जायचं तर वरच्या वर अपग्रेड होत नाही, सगळं नव्याने टाकावं लागतं. म्हणजे आधी बॅकअप.

‘विंडोज ११ चढवा, चेक बायपास करा.’ विंडोज ११ची रॅमची अट फक्त ४ जीबीची आहे, तेव्हा सोळा घालून मशीन पात्र ठरत नाही. नकार येतो तो टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि प्रोसेसरपायी: प्रोसेसर हवा ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका आणि त्यापुढचा. प्रोसेसर यादीत असूनही नकार येत असेल, तर बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, पीटीटी (इंटेल) किंवा एफटीपीएम (एएमडी) हे प्रोसेसरमधलंच टीपीएम बंद आहे का बघा. पुष्कळदा तेवढंच असतं. बायपास होतो, हे खरं. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि कोअर टू ड्युओ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती बूटच होत नाही, कारण तिला लागणारी पॉपकाउंट ही सूचना त्या प्रोसेसरात नाही. सपोर्ट नाही म्हणून विंडोज १० सोडायचं आणि अपडेटची खात्री नसलेलं ११ घ्यायचं, यात मिळवलं काय?

विंडोज १०वरच थांबायचं असेल, तर घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. नाहीतर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आहे; तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबीवरही बरी चालते. विंडोजवरच चालणारं एखादं सॉफ्टवेअर रोज लागत असेल तर मात्र हा रस्ता तुमचा नाही. बाकीच्यांनी मिंट पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवावी आणि प्रिंटर, आवाज, वायफाय तपासावं. इन्स्टॉल करेपर्यंत हार्ड डिस्कवरचं काही पुसलं जात नाही.