आरोपीचा वकील गुन्ह्याचा भागीदार नसतो

एखादा भीषण गुन्हा घडला की ठरलेला मजकूर फिरू लागतो: ‘गुन्हेगार कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा वकील पैशासाठी खोटं बोलणार, पळवाट शोधून त्याला सोडवणार. वकिलांनी अशा खटल्यांवर बहिष्कार टाकावा.’ माझ्या जवळच्या माणसांनीही तो पुढे पाठवलाय. त्यामागचा संताप मला कळतो. पण त्यातलं एकही विधान तपासाला टिकत नाही.

‘सगळ्यांना ठाऊक आहे.’ अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लॅरेन्स गिडियनबद्दलही असंच ठाऊक होतं. १९६१ मध्ये बिलियर्ड्ससारखा ‘पूल’ खेळण्याच्या एका जागी, पूल रूममध्ये, घरफोडी झाली, मशीनमधली नाणी गेली आणि एका साक्षीदाराने गिडियनकडे बोट दाखवलं. वकील करायला त्याच्याकडे पैसे नव्हते. न्यायालयाकडे वकील मागितला, तोही मिळाला नाही. स्वतःच जमेल तसा बचाव केला आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातल्या कागदावर पेन्सिलीने त्याने सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. १९६३ मध्ये निकाल लागला: गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरीब आरोपीला सरकारने वकील द्यायलाच हवा. फेरखटल्यात मुख्य साक्षीदार तोच होता, पण आता उलटतपासणी वकिलाने घेतली. हा साक्षीदारच खऱ्या चोरांसाठी पहारा देत नव्हता कशावरून, हा संशय त्याने ज्यूरीपुढे, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या नागरिकांपुढे, उभा केला. तासाभरात गिडियन निर्दोष सुटला.

‘पैशासाठी खोटं बोलतो.’ खोटा साक्षीदार उभा करणं, बनावट कागद दाखल करणं यासाठी वकिलीची सनद जाऊ शकते. असं करणारे वकील आहेत, आणि त्यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण सरकार पक्षाचा पुरावा पुरेसा आहे का, असं विचारणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. ‘हे सिद्ध करा’ एवढंच वकील म्हणतो.

‘पळवाट.’ मारहाण करून घेतलेला कबुलीजबाब न्यायालयाने फेटाळला की लोक त्याला पळवाट म्हणतात. मार असह्य झाला की निर्दोष माणूसही ‘मीच केलं’ म्हणतो, आणि खरा गुन्हेगार बाहेर मोकळा राहतो.

‘बहिष्कार टाका.’ अशा आरोपींचं वकीलपत्र घ्यायचं नाही, असे ठराव आपल्याकडच्या वकील संघटनांनी केलेही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ते सगळे रद्दबातल ठरवले. वकील आणि त्याचा अशील एकच असं मानू नये, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या हवाना परिषदेने १९९० मध्येच मांडलं होतं.

पण मला बहिष्काराचा सगळ्यात मोठा धोका वाटतो तो पीडितांना. १९९७ च्या दिल्लीतल्या एका बसस्फोटाच्या खटल्यात आरोपीला फाशी सुनावली गेली, उच्च न्यायालयाने ती कायमही केली. नंतर सर्वोच्च न्यायालयापुढे आलं की बहुतेक साक्षीदार तपासले गेले तेव्हा आरोपीला वकीलच नव्हता. २०१२ मध्ये खटला नव्याने चालवायचा आदेश निघाला. स्फोटाला तोवर चौदा वर्षं उलटून गेली होती, आणि साक्षीपुरावा पुन्हा पहिल्यापासून.