कॅरलच्या यादीत कालव्यापलीकडची घरं का नाहीत?

आत्ता तासाभरापूर्वी आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कॅरलची, म्हणजे नाताळात घरोघरी जाऊन गाणी म्हणायच्या फेरीची, पीडीएफ आली. लाल-हिरवी बॉर्डर, कोपऱ्यात सांताक्लॉज, तीन रात्रींचं वेळापत्रक, एका घराला बारा मिनिटं. खाली ठळक अक्षरात 'कृपया चहा-फराळाचा आग्रह करू नये', आणि त्याच्याही खाली अर्पणासाठी क्यूआर कोड. मी यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. कालव्यापलीकडच्या वस्तीतलं एकसुद्धा घर नाही. त्यांच्यासाठी २३ तारखेला संध्याकाळी समाजमंदिरात 'संयुक्त कार्यक्रम' ठेवलाय म्हणे. म्हणजे लिफ्टवाल्यांच्या घरी आपण जायचं, आणि पत्र्याच्या घरातल्यांनी पोरंबाळं घेऊन आपल्या कार्यक्रमाला यायचं.

ग्रुपवर सगळ्यांचे हात जोडलेले इमोजी, 'सुंदर नियोजन', 'प्रभू आशीर्वाद देवो'. मी विचारलं, वस्तीचं काय? कमिटीतल्या एका भाऊंचं लगेच उत्तर आलं, "ताई, त्यांच्याकडून फॉर्म भरून आले नाहीत."

फॉर्म. गूगल फॉर्म. पत्ता, पिनकोड, पार्किंगची सोय आहे का, हो/नाही.

येशूच्या जन्माची बातमी द्यायला देवदूत ज्यांच्याकडे गेले, त्या मेंढपाळांनी भरला होता का फॉर्म?

बरं, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी लहान असताना कॅरल पार्टी म्हणजे आमचे पप्पा. फॅक्टरीतली शिफ्ट संपवून यायचे, तोंड धुवायचे की लगेच पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधायची, ढोलकी दुसऱ्याच्या खांद्यावर, बांबूला लावलेला कागदाचा तारा पुढे आणि आम्ही पोरं मफलर गुंडाळून मागे. आणि दर वर्षी शेवटचं घर ठरलेलं, कालव्याची मावशी. नाव आम्हाला कोणालाच धड माहीत नव्हतं, सगळे कालव्याची मावशीच म्हणायचे. नवरा गेलेला, मुलगा लहान, दहा बाय दहाची खोली. ती त्या रात्री खाट बाहेर काढून भिंतीला उभी करून ठेवायची, कारण खाट आत असली की माणसं मावत नाहीत. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याकडून काचेचे ग्लास मागून आणायची, ट्रेसकट. आणि चुलीवर मोठ्या पातेल्यात कोरा चहा, गुळाचा, भरपूर आलं ठेचून. एवढ्या लोकांना दूध परवडत नव्हतं, तर तिने कधी दुधाचं नावसुद्धा काढलं नाही, "थंडीत हाच चांगला" म्हणायची आणि खरोखर तोच चांगला लागायचा.

एका वर्षी पार्टीत एक मोठे गृहस्थ होते, जुन्या घराण्यातले, मंडळीत मान होता. मावशीच्या दारात पोचल्यावर ते म्हणाले, "इथूनच गाऊ, दारातच प्रार्थना करू, फार उशीर झालाय." उशीर झालाच होता. पण त्याच्या आधी एका बंगल्यावर पाऊण तास केक खात बसलो होतो, तेव्हा कोणाच्या घड्याळात उशीर नव्हता. पप्पा काही बोलले नाहीत. चपला काढल्या, पेटी उचलली, आत गेले आणि मांडी घालून भाता मारायला लागले. आता पेटी आत आणि गाणारे बाहेर, काय करणार? एकेक करत सगळे आत आले. ते गृहस्थही आले.

मला आज तेच आठवतंय आणि डोकं फिरतंय.

कारण प्रश्न वेळेचा नाही. प्रश्न कोणाच्या घरचं पाणी आपल्या घशाखाली उतरतं हा आहे. चिडू नका, पण स्पष्ट लिहिते. आपल्यात जात नाही असं आपण बाहेर छातीठोकपणे सांगतो, आणि पोरीसाठी स्थळ आलं की पहिला प्रश्न काय असतो? "मूळचे कुठले?" हा प्रश्न गावाबद्दल नसतो हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. माझी पणजी छप्पनच्या, म्हणजे संवत १९५६ च्या (इसवी १८९९-१९००), दुष्काळात गुजरातेतून आलेली, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. तिला स्वतःचं आडनाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं, जात कुठून माहीत असणार. रमाबाईंनी शेकडो पोरी अशाच आणल्या, कोणाची विचारपूस करून नाही आणल्या. आपल्यातल्या निम्म्या घरांचा पाया असाच कोणाच्या तरी ओसरीवर घातलेला आहे. तरी आपणच आता ठरवणार कोणाच्या घरी बारा मिनिटं आणि कोणाच्या घरी शून्य.

आणि चहावरून आठवलं. याच पुण्यात, ऑक्टोबर १८९० मध्ये, गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं आणि नंतर चहा-बिस्किटं आली. लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते, शहरातली बडी बडी मंडळी होती. गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि सगळ्या शहरात बोंब. ख्रिस्त्यांच्या घरचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागलं. (त्यानंतर पाचच वर्षांनी, १८९५ ला, दुसरे टिळक, नारायण वामन, बाप्तिस्मा घेऊन मोकळे. त्यांचीच भजनं पप्पा पेटीवर म्हणायचे.) ही गोष्ट आपण किती चवीने सांगतो! बघा, आमच्या हातचा एक कप चहा त्यांना पचला नाही. आणि आता आपणच पीडीएफमध्ये लिहितो की चहाचा आग्रह करू नये. तेव्हाच्या लोकांनी निदान प्रायश्चित्त तरी घेतलं, आपण डायबेटिसचं कारण देतो.

हो, हो, माहितीये. डायबेटिस खराच आहे, पार्टीतल्या निम्म्या काकांना आहे. ट्रॅफिक आहे. दहानंतर स्पीकर चालत नाही. मुली असतात बरोबर, त्यांना वेळेत घरी सोडायचं असतं. आणि हल्ली रात्री ढोलकी घेऊन आठ-दहा माणसं गल्लीत शिरली की कोणीतरी मोबाईल काढून व्हिडिओ करतं, कुठून आलात, कशाला आलात विचारतं, ती भीतीसुद्धा खोटी नाही. मान्य. पण मग हे सगळं फक्त कालव्यापलीकडेच कसं काय असतं? सोसायटीत ट्रॅफिक नाही? तिथे तर वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नाव-नंबर लिहून सही करायची, मगच गेट उघडतं. ते चालतं.

हे काही आज अचानक नाही झालेलं. यंदाचा हंगामाचा सण आठवा. माझ्या लहानपणी चर्चच्या खांबांना ऊस बांधलेले असायचे, वेदीपुढे बाजरीची कणसं, लाल भोपळे, केळीचे घड, टोपलीत अंडी, आणि पाय बांधलेली एखादी कोंबडी, जी नेमकी पाळकसाहेबांच्या प्रार्थनेत ओरडायची. भक्ती झाली की बाहेर लिलाव. ज्याच्या शेतात जे पिकलं ते, आणि ज्याला शेतच नाही त्याने डब्यात लावलेलं. मावशी पत्र्याच्या डब्यात कोथिंबीर लावायची, तेवढी एक जुडी घेऊन यायची. लिलावात ती जुडी वर धरली की पप्पा मुद्दाम बोली वाढवायचे, समोरून दुसरे कोणी चढवायचे, कोथिंबिरीची जुडी नारळाच्या वर जायची आणि मावशी पदर तोंडाला लावून हसायची. त्या दिवशी तिच्या जुडीचे पैसे बंगलेवाल्यांच्या पाकिटाएवढेच मोजले जायचे, सगळ्यांसमोर. यंदा काय होतं? दुकानातून आणलेले ड्रायफ्रूटचे बॉक्स, सेलोफेन लावलेले हॅम्पर, आणि लिलाव नाहीच, वेळ जातो म्हणून. क्यूआर कोड स्कॅन करा आणि बिर्याणीला चला. बिर्याणी चांगली होती, नाही म्हणत नाही.

मावशी आता नाहीये. सून आहे, नातवंडं आहेत, घर तेच, फक्त खाली फरशी आलीये आणि चुलीच्या जागी गॅस. सून सकाळी चार घरची कामं करते, रविवारी शेवटच्या बाकावर बसते आणि गाणी मात्र पुस्तकाशिवाय म्हणते, सगळी कडवी. परवा गेटपाशी मला थांबवून म्हणाली, "सलाम ताई. यंदा आमच्याकडं कोणत्या तारखेला येताय? अनारशाचे तांदूळ भिजत घातलेत." अनारसे करणाऱ्यांना कळेल हे काय असतं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग उपसून फडक्यावर पसरून सावलीत सुकवायचे, दमट असतानाच दळायचे, गूळ घालून मळून गोळा डब्यात मुरत ठेवायचा, आणि एवढं करून तुपात टाकल्यावर हसले नाहीत, म्हणजे विरघळून पसरले नाहीत, तर नशीब. ते ती चार घरची भांडी घासून आल्यावर करतेय. कोणासाठी करतेय? आपल्यासाठी. आणि आपण तिला सांगणार की तुझा फॉर्म आला नाही.

मला पोरांवर राग नाही. खरंच नाही. ही पीडीएफ माझ्याच मुलाने केलीये, तरुण संघाचा सेक्रेटरी आहे तो. जेवताना त्याला झापायचं ठरवून बसले होते. तो म्हणाला, "मम्मी, घरांची यादी कमिटीने दिली, मी फक्त डिझाईन केलं." मग जरा वेळाने म्हणाला, "त्या वस्तीत मी कधी गेलोच नाहीये." आणि माझा घासच अडकला, कारण खरं आहे ते. कोव्हिडच्या वर्षी फेरी बंद झाली, ती परत सुरू झाली तेव्हा फक्त गाडी जाईल तिथेच झाली. त्याला मावशी माहीत नाही, आजोबांनी पेटी आत नेली तेही माहीत नाही. ही पोरं ऑफिसमधून थकून येतात आणि रात्री नऊला प्रॅक्टिसला उभी राहतात, चार आवाजांत गातात, आमच्या वेळी एकच सूर आणि तोही ढोलकीच्या मागे पळणारा. गिटार वाजवा, तो खोक्यासारखा कहोन वाजवा, माझं काही म्हणणं नाही. पप्पांना ते आवडलं असतं, त्यांना काहीही वाजलेलं आवडायचं.

पण कमिटीला विचारणार. साठीच्या पुढची माणसं आहात तुम्ही, त्या खोलीत बसून तो गुळाचा चहा प्यायला आहात, तुमच्यातल्या दोघांनी तर माझ्यासमोर दुसऱ्यांदा ग्लास पुढे केलाय. पप्पा गेले त्या रात्री आमच्याकडे सगळ्यात आधी कोण आलं होतं ते तुम्हीच बघितलंय. वस्तीतल्या बाया आल्या होत्या, चालत, मावशी पुढे, हातात चहाची किटली. सकाळपर्यंत बसल्या, भजनं म्हणत. कोणी वेळापत्रक मागितलं नाही, चहाचा आग्रह करू नये असंही कोणी म्हणालं नाही. बाकीचे दुसऱ्या दिवशी दफनविधीला आले, गाड्या लावायला जागा नव्हती. आले, आभार. पण रात्री कोण आलं ते मी विसरलेली नाही.

आणि कृपा करून 'संयुक्त कार्यक्रमात त्यांना ब्लँकेट वाटणार आहोत' हे मला सांगू नका. ब्लँकेट वाटा, थंडी आहे, चांगलंच आहे. पण कॅरल पार्टी घरी येणं हा त्या माणसाचा मान असतो. त्या एका रात्री तो यजमान असतो आणि आपण पाहुणे. ब्लँकेट देऊन तो मान आपण उलट काढून घेतो, हे एवढं कळायला धर्मशास्त्राची पदवी लागते का?

असो. आता थोडी शांत झालेय, आईने फोन करून "पोस्ट टाकू नकोस, लोक नावं ठेवतील" सांगितलंय, म्हणून टाकतेच आहे.

कमिटीने यादी बदलली तर उत्तम, मी हा सगळा मजकूर खाली उतरवीन. नाही बदलली तर २२ तारखेला, अधिकृत फेरी संपल्यावर, मी आणि माझा मुलगा कालव्यापलीकडे जाणार. स्पीकर नाही, माईक नाही. चारच घरं झाली तर चारच, पण आत बसून. पाळकसाहेबांना रीतसर विचारलंय, ते "बघू" म्हणालेत, पाळकीणबाई "मी येते" म्हणाल्यात, म्हणजे साहेब येतीलच. पप्पांच्या पेटीचा भाता फाटलाय, दुरुस्तीला दिलीये, वीस तारखेला मिळणार. मुलगा गिटार आणेल. ढोलकी वाजवणारं कोणी नाहीये, आमच्या पार्टीतला ढोलकीवाला आता दुबईला असतो. कोणाला धड ठेका धरता येत असेल तर कमेंटमध्ये सांगा. आणि गाड्या अलीकडच्या देवळापाशीच लावाव्या लागतील, पुढे बोळ आहे, टॉर्च आणा.