नुकसान निदर्शनास आले नाही

रिक्षाचे १४० आणि दोन वडापावांचे ४० असे माझे १८० रुपयांचे व्हाउचर काल लेखा विभागातून परत आले. त्यावर लाल शाईने शेरा होता : 'नुकसान निदर्शनास आले नाही. सबब नामंजूर.'

मंगळवारी संध्याकाळी आमच्या सर्व्हरच्या चार डिस्कपैकी एक गेली, तिचा हिरवा दिवा नारिंगी झाला आणि यंत्र केकाटू लागले. मी नवी डिस्क बसवली आणि हरवलेला भाग तिच्यावर पुन्हा लिहून होईपर्यंत, म्हणजे सुमारे अकरा तास, पडद्यावरच्या टक्केवारीकडे बघत बसलो. सकाळी मंडळी आली, त्यांनी फायली उघडल्या आणि चहा मागवला.

लेखापालसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"किती फायली गेल्या?"

"एकही नाही, साहेब."

"मग रात्रभर तुम्ही करत काय होतात?"

मी त्यांच्याच भाषेत शिरलो. "तीन रकमा आणि त्यांची बेरीज लिहून ठेवली आहे असे समजा. एक रक्कम पुसली गेली, तरी बेरजेतून उरलेल्या दोन वजा केल्या की ती सापडते." (यंत्र बेरीज करत नाही, एक्सॉर नावाची शून्य-एकांची क्रिया करते, पण लेखापालांना एक्सॉर समजावण्याइतका माझा पगार नाही.) "आपल्याकडे ४ टीबीच्या, म्हणजे टेराबाइटच्या, चार डिस्क आहेत. त्यांतली एका डिस्कइतकी जागा, चारही डिस्कवर विखरून, या बेरजांसाठी जाते आणि वापरायला १२ टीबी उरतात."

"म्हणजे पैसे १६ चे दिले आणि माल १२ चा आला?" त्यांनी ते वहीत टिपून घेतले. "आणि दोन रकमा पुसल्या गेल्या तर?"

"तर सगळेच गेले."

"मग ही कसली सुरक्षा?"

संताप याचा, की प्रश्न बरोबर होता. चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या, त्यामुळे त्यांची वयेही सारखी. त्यात एक गेली की उरलेल्या तिघींना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढावे लागते आणि नेमक्या त्या ओझ्याखाली दुसरी मान टाकू शकते. म्हणूनच दोन डिस्क गेल्या तरी तगणारी, दुहेरी बेरजेची रचना मी मागितली होती. त्यासाठी एकच डिस्क जास्त लागणार होती. 'पूर्वी असा प्रकार घडल्याचे आढळत नाही,' अशा शेऱ्यासह तो प्रस्ताव याच लाल शाईने परत आला होता.

या रचनेला रेड (RAID) म्हणतात. पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ या बर्कले विद्यापीठाच्या तिघांनी १९८८ साली तिच्यावर जो निबंध मांडला, त्यात नावातल्या 'आय'चा अर्थ 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे 'स्वस्त', असा होता. त्याचा 'इंडिपेंडंट', म्हणजे 'स्वतंत्र', पुढे झाला. हे मी साहेबांपासून कटाक्षाने लपवून ठेवले आहे.

मी उठणार तोच त्यांनी व्हाउचर पुन्हा जवळ ओढले.

"वडापाव दोन कशाला?"

मी गप्प राहिलो. त्यांनी एक वडापाव मंजूर केला आणि दुसऱ्यापुढे लाल शाईने 'राखीव' असे लिहून २० रुपये कापले.